दर्भाचा कावळा

आमच्या घराचं दार आणि जोशांच्या घराचं दार समोरासमोर होतं, मधे बैलगाडी जेमतेम जाईल एवढी बोळ. त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं आमच्याकडे आणि आमच्या घरातलं भांडण त्यांच्याकडे ऐकू जायचं, आणि दोन्ही घरं ते ऐकू आलंच नाही असं वागायची. मालतीकाकूंबद्दल मी जे सांगणार आहे, ते बहुतेक या बोळीच्या अलीकडून पाहिलेलं आहे. हल्ली त्यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. एका सत्कारात कुणीतरी त्यांना जिल्ह्यातल्या पहिल्या बाई पुरोहित म्हटलं आणि ते तसंच पुढे चाललं. पहिल्या होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. कुणी मोजल्याचं ऐकलेलं नाही, आणि न मोजलेला आकडा मी सांगत नाही. आमच्या कडा गावातल्या पहिल्या होत्या, एवढं खात्रीने सांगते.

जोशीकाकांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं. गावचं जोशीपण त्यांच्याकडे वडिलांपासून आलेलं. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं सगळं तेच करायचे आणि त्यावरच घर चालायचं. मूलबाळ नव्हतं. काकू लग्न होऊन आल्यापासून सकाळ-संध्याकाळ ते म्हणणं ऐकत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना बरंचसं येत होतं. राहिलेलं त्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत शिकल्या. शिकण्याची रीत अशी, की काकू चुलीपुढे बसून म्हणायच्या आणि काका भिंतीला टेकून ऐकायचे. चुकलं की डाव्या हाताने भिंतीवर थाप मारायचे. काकू मागे जाऊन तेवढंच पुन्हा म्हणायच्या. पुन्हा चुकलं तर पुन्हा थाप. आमच्याकडे त्याच वेळी आई भाकरी थापत असायची. बोळीच्या दोन्ही बाजूंनी थापांचे आवाज यायचे, आणि पलीकडची थाप पडली की आई हातातली भाकरी तव्यावर टाकत मला म्हणायची, "चुकली बघ." काही दिवसांनी पलीकडच्या थापा कमी झाल्या. मग नुसत्या आमच्याच राहिल्या.

सुरुवातीला काकू काकांना सोबत घेऊन जायच्या. काकांना पाटावर बसवायचं, आणि बाजूला बसून काकूंनी सगळं म्हणायचं. काका बसलेत ना, एवढ्यावर लोकांचं समाधान व्हायचं. मग एका सत्यनारायणाच्या दिवशी काकांना ताप भरला आणि त्या घरी प्रसादाचा शिरा तयार होऊन बसला होता. शिरा वाया जाऊ नये म्हणून काकूंना एकटीला बसवलं, असं त्या घरातली म्हातारी पुढे कितीतरी वर्षं सांगायची. त्या एकट्या बसल्या त्याचं खरं कारण एवढंच होतं. मोठं काही नव्हतं. पण एकदा बसल्यावर दुसऱ्यांदा बोलावायला लोकांना जड गेलं नाही. टोमणे व्हायचे. पिंपळाच्या पारावरून एकाने त्यांना विचारलं होतं, की भटजीबाई, आता जोशांनी घरी पोळ्या लाटायच्या का? काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "लाटल्या असत्या हो, हात हलत असता तर." त्यानंतर पारावरून पोळ्यांचा विषय निघाला नाही. भटजीबाई हे नाव मात्र त्यांना चिकटलं, आणि पुढे ते लोक आदरानेही घ्यायला लागले.

लग्नंही करायला लागल्या. मंगलाष्टकांना त्यांचा आवाज चांगला पोचायचा. आमच्या घरी त्यावर बोलणं व्हायचं, आणि आबा म्हणायचे की माईकचा खर्च वाचतोय. आबा म्हणजे माझे वडील. ते कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते असं असायचं. पण दहाव्याला काकूंना कुणी बोलावत नसे. दहाव्याला आष्टीहून एक गुरुजी यायचे. मर्तिकाचं काम बाईने करायचं नसतं असं सगळे धरून चालत, आणि काकूंनीही त्याबद्दल कधी काही म्हटलेलं नव्हतं.

आबा कावीळ होऊन गेले. आमच्या घरात आबा, आई, मी आणि आबांचा धाकटा भाऊ नाना, नानांची बायको व दोन मुलं असे राहत होतो. मला भाऊ नव्हता, म्हणून क्रियेला नाना बसणार हे ठरलेलंच होतं. सुतकाचे दिवस मला आजही आठवतात ते वासावरून. शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी यायची, ज्याच्या-त्याच्या घरच्या तिखटाचा वास वेगळा. रात्री पातेल्यात हुलग्याचं माडगं. गळीत हंगाम चालू होता, त्यामुळे वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास सगळ्यावर बसायचा. आई जेवत नव्हती असं लोक सांगतात. ती जेवत होती. मी तिच्याशेजारी बसायची, मला माहीत आहे. ती बोलत नव्हती.

बोलत होते ते नाना आणि मामा. मामा पालीहून आला होता आणि दहाव्यापर्यंत राहिला. दोघं ओट्यावर बसायचे आणि हळू आवाजात ठरवायचे. दोघांच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी आज वयाने त्यांच्यापेक्षा मोठी झाल्यावर लिहिते. नानांचं म्हणणं, की बाईमाणूस एकटी शेती कशी करणार. वहिनींनी पोरीला घेऊन माहेरी जावं, माळावरचं रान आमी करू, दरसाल धान्य पालीला पोचतं करू. मामाचं म्हणणं, की बहीण डोळ्यासमोर राहील, पालीला धरणाचं पाणी आहे, खायला कमी नाही. आईला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. माळावरचं दोन एकर आई आणि आबांनी मिळून केलेलं होतं. दगड वेचायला आई असायची, बांध घालायला आई असायची, आणि कुठल्या कोपऱ्यात तूर चांगली येते हे आबासुद्धा तिलाच विचारायचे. पालीला गेल्यावर ती भावाच्या घरात भाकरी थापणार होती, एवढंच. मला त्या वेळी इतकं कळत नव्हतं. मला शाळा सोडायची नव्हती आणि पालीला माझी कुणी मैत्रीण नव्हती.

नवव्या दिवशी निरोप आला, की आष्टीच्या गुरुजींना त्याच सकाळी दुसऱ्या गावी दहावा आहे, ते दुपारनंतरच येतील. दहावा काही दुपारनंतर करत नाहीत. नानांनी दोन ठिकाणी माणूस पाठवला, कुणी मिळालं नाही. तेव्हा नाना बोळ ओलांडून जोशांच्या दारात उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, काकू, तुमाला येतं का हे? काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या की येतं, येईन. संध्याकाळी त्यांचं म्हणणं आमच्या घरात ऐकू येत होतं. मी थाप पडायची वाट पाहत होते. पडली नाही.

सकाळी आम्ही नदीवर गेलो. भावकी आधीच जमली होती, पुरुष वर झाडाखाली, बायका अलीकडे दगडांवर. नाना मुंडण करून ओल्या धोतराने बसले होते. काकूंनी नऊवारीचा पदर कमरेला खोचला होता. पिंड झाले, तीळ-पाणी झालं, जीवखड्याला, म्हणजे गेलेल्याचा जीव मानून ठेवलेल्या दगडाला, हळूहळू सगळ्यांनी पाणी घातलं, मीही घातलं. काकूंचा आवाज लग्नातलाच होता, फक्त खालचा. मग भाताचा पिंड पत्रावळीवर घालून थोड्या उंचावर ठेवला. शेजारी आबांना आवडायचे म्हणून नानांच्या बायकोने केलेले शेंगोळे, एक कप चहा, आणि कुणीतरी विडी ठेवली. सगळे मागे सरून उभे राहिले.

कावळा आला नाही.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही. शिवला नाही तर काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी हात जोडून मोठ्याने सांगायचं, की तुमचं अमुक राहिलं असेल तर आम्ही ते करू. चार लोकांत, मेलेल्या माणसाला दिलेला तो शब्द असतो, आणि आमच्या भागात तो स्टँपपेपरापेक्षा घट्ट समजतात. एवढं करूनही कावळा आलाच नाही, तर शास्त्रात सोय आहे: दर्भाचा कावळा करायचा आणि तो पिंडाला टेकवायचा. काकूंनी तो आधीच वळून तांब्याच्या आड ठेवला होता. मी बसले होते तिथून तो दिसत होता. दोन गाठी आणि पुढे चोचीसारखी काडी.

त्या दिवशी कावळे का नव्हते, त्याला माझ्या मते साधं कारण आहे. कारखान्याच्या तळावर ऊसतोड्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या होत्या. तिथे चुली, उष्टं, बैलांपुढचं सांडलेलं. कावळे तिकडे होते. पण नदीवर उभ्या असलेल्या माणसांनी तळाचा विचार केला नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं की बाई बसल्यावर कावळा कसा यायचा, आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं नाही.

नाना हात जोडून म्हणाले, की दादा, पोरीचं लगीन मी थाटात करीन. लोक झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बैलजोडी विकणार न्हाई. काही नाही. मामा पुढे आला आणि म्हणाला, दाजी, बहिणीला नि भाचीला मी पालीला नेतो, काही कमी पडू देणार न्हाई. यावर बऱ्याच जणांनी माना हलवल्या, कारण हेच राहिलं असणार असं त्यांना वाटलं. मीही झाडाकडे पाहिलं. कावळा येऊ नये असं मनात म्हणत होते. कारखान्याचा भोंगा झाला. ऊन वर आलं. पोरं रडायला लागली आणि भावकीतल्या वडीलधाऱ्या अण्णांनी दोनदा घसा साफ केला.

नाना काकूंना म्हणाले, "लई वेळ झाला. टेकवा की तुमचा तो."

इथे काकू टेकवून मोकळ्या झाल्या असत्या तर त्यांना कुणी बोल लावला नसता. उलट जेवढा उशीर होत होता तेवढं नाव त्यांचंच खराब होत होतं. पहिलाच दहावा, आणि कावळा शिवत नाही. हे त्यांनाही समोरच्यांच्या तोंडावर दिसत असणारच.

"टेकवते," त्या म्हणाल्या. "आधी सगळ्यांचं बोलून होऊ द्या. गयाबाईंचं राहिलंय."

गया माझी आई. अण्णा म्हणाले, "बायका हितं बोलत नसत्यात, भटजीबाई."

"बायका इथं मंत्रही म्हणत नव्हत्या, अण्णा. आज म्हटले. तसं हेही होऊ द्या."

आई उठली. दहा दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे तो मला वेगळाच वाटला. ती पत्रावळीकडे बघून बोलली, माणसांकडे नाही. "मी कुठं जाणार न्हाई. माळावरचं रान मी करीन. पोरगी हितंच शिकंल."

मामा म्हणाला, "आक्का, आपलं ठरलं होतं की."

"तुमचं ठरलं होतं," आई म्हणाली, आणि खाली बसली.

काकू नानांकडे वळल्या. त्यांचा आवाज पूजा सांगताना असतो तसाच होता, आता पाणी सोडा, आता फूल वाहा, तसा. "कर्ते तुम्ही आहात. हे तुमच्या तोंडून गेलं पाहिजे."

नानांनी झाडाकडे पाहिलं, मग लोकांकडे. त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावर घाम आला होता. "बरं," ते म्हणाले.

"बरं म्हणजे काय, ते म्हणा."

नानांनी हात जोडले. "दादा, वहिनी हितंच राहतील. माळावरचं रान त्यांच्याकडं. आमी आडवं येणार न्हाई."

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं. कावळा तेव्हाही आला नाही. काकू थोडा वेळ थांबल्या, मग तांब्यामागचा दर्भाचा कावळा उचलला, चालत पत्रावळीपाशी गेल्या आणि त्याची चोच भाताला टेकवली. "शिवला," म्हणाल्या. लोक नदीत पाय धुवायला उतरले.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. नानांनी शब्द पाळला. पहिल्या वर्षी नांगरट करून दिली आणि मनात राग असूनही बांध कोरला नाही. कुणी त्यांना डिवचलं की म्हणायचे, चार माणसांत दादाला बोललोय, आता काय करू. कायद्याने रान तसंही आईच्या आणि माझ्या वाट्याला येणारच होतं, हे मला बीडला राहायला आल्यावर, कोर्टात नोकरी करणाऱ्या यजमानांकडून कळलं. पण कायदा कड्यापर्यंत येईतो चार-पाच पेरण्या होऊन गेल्या असत्या, आणि आई पालीला. ती शेवटपर्यंत कड्यातच राहिली. मी तिथेच दहावी झाले. माझं लग्न काकूंनी लावलं. नानांनी थाटात करून दिलं. तेही ते बोलले होतेच.

काकूंना मात्र त्या सकाळचं बरेच दिवस नडलं. बाई बसली म्हणून कावळा आला नाही, ही गोष्ट गावात राहिली. आमच्या भावकीने त्यांना पुन्हा दहाव्याला बोलावलं नाही. लग्नंसुद्धा त्या वर्षी कमी झाली, असं आई म्हणायची. किती कमी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग हळूहळू एक वेगळीच रीत पडली. ज्या घरात बाईचं काही अडलेलं असायचं, घरातून काढायला निघालेली सून, न मिळणारा वाटा, अर्ध्यात सोडवलेली शाळा, त्या घरातून दहाव्याचा निरोप काकूंना जायचा. निरोप बायका पाठवायच्या, आणि पुरुषांना कळायचं तेव्हा काकू नदीवर पोचलेल्या असायच्या. आष्टी तालुक्यात पुष्कळ ठिकाणी त्या गेल्या. प्रत्येक वेळी काही झालं असं नाही. कधी कावळा लगेच यायचा आणि बाईचं राहून जायचं. कधी कर्ता काहीच बोलायचा नाही, आणि शेवटी काकूंना दर्भ टेकवून उठावं लागायचं. पण भटजीबाई आल्या म्हणजे काहीतरी बोलावं लागतंय, असं माणसं धरून चालायला लागली, आणि काही जण नको ती कटकट म्हणून आधीच घरी मिटवून यायचे.

आईने काकूंना आधी काही सांगितलं होतं का, हे मी दोघींना वेगवेगळं विचारलं आहे. दोघींनीही नाही म्हटलं. मी एकदा काकूंना विचारलं, की त्या दिवशी मामा बोलला तेव्हाच कावळा आला असता तर? तेव्हा त्या खूप थकल्या होत्या, जोशीकाका जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी माहेरी आले की बोळ ओलांडून त्यांच्याकडे जाऊन बसायची.

"आला असता तर शिवला असता," त्या म्हणाल्या. "मग मी काय करणार होते?"

"पण तुम्ही मुद्दाम थांबलात."

"थांबायचंच असतं. किती थांबायचं ते लिहिलेलं नाही." मग म्हणाल्या, "हंगाम चालू होता म्हणून बरं."

शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे पाच-सहा जणी शिकायला यायच्या. त्यांतली रेखा मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिला शिकवायला घेतलं तेव्हा काकूंच्याच नात्यातल्या काहींनी त्यांच्याकडे येणं बंद केलं. काकूंनी रेखाला चुलीपुढे बसवलं आणि स्वतः काकांच्या जागी भिंतीला टेकून बसल्या. थापा मारायच्या की नाही, मला ठाऊक नाही; आमच्या घराला तेव्हा कुलूप होतं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दहाव्याला मी बीडहून एसटीने गेले. कर्ता म्हणून पुतण्या बसला होता, सांगायला रेखा. मी जाताना मनाशी एक वाक्य ठरवून गेले होते. माळावरचं रान आईनंतर माझ्याकडे आलं आहे. नानांचा मुलगा ते बटईने करतो. आमच्या घरात ते विकायचं बोलणं चाललं आहे. मुलाला बीडला जागा घ्यायची आहे आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण नदीवर वाट पाहायची वेळ आली, तर पुढे होऊन सांगायचं, की काकू, ते रान विकणार नाही. चार माणसांत बोललं की मग माझ्या हातात काही राहिलं नसतं. मला तसंच हवं होतं.

रेखाने पत्रावळ ठेवली, आणि ती मागे वळते न वळते तोच बाभळीवरून एक कावळा उतरला आणि भात उचलून गेला. लोक खूष झाले. रेखाच्या मुठीत दर्भाचा कावळा तसाच राहिला. ती मला म्हणाली, "काकूंचं काहीच राहिलेलं न्हवतं, ताई." मी बरं म्हटलं आणि पाय धुवायला गेले.

परवा मुलाने पुन्हा विचारलं, की आई, त्या रानाचं काय ठरलं. यजमान पेपर वाचत होते, त्यांनीही मान वर केली. मुलगी आत पोळ्या करत होती. मी म्हटलं, ठरवू. तुझ्या बहिणीचं बोलायचं राहिलंय.